नऊची रिंग

टेबलावर बारा व्हॉल्व्ह होते, सहा मोठे आणि सहा लहान. चोवीस स्प्रिंगा, बारा टोप्या, बारा काळी पडलेली रबरी सीलं. आणि कॉटर तेवीस. हवे होते चोवीस.

"पुन्हा मोज," भाऊजी म्हणाले.

तिने पुन्हा मोजले. व्हॉल्व्हच्या दांड्यावर टोपी धरून ठेवणारे ते अर्ध्या बांगडीसारखे पोलादी तुकडे, एका व्हॉल्व्हला दोन. तिने जोड्या लावल्या. अकरा जोड्या झाल्या आणि एक तुकडा एकटा राहिला.

"तेवीसच."

"शास्त्र शिकलेल्या माणसाला चोवीसपर्यंत मोजता येईना, तर आमच्यासारख्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

"शास्त्र शिकलेल्या माणसाने चोविसावा पैदा करायचा का आता? शेवटचा व्हॉल्व्ह तुम्ही सोडवलात."

"आणि दोन्ही तुकडे या ताटलीत टाकले. या हाताने."

तरीही ते गुडघ्यांवर बसले, बॅटरीचा उजेड टेबलाखाली फिरवला, काठीला बांधलेलं लोहचुंबक फरशीवरून ओढलं. चुंबकाला दोन वॉशर आणि केव्हाची तरी एक टाचणी चिकटून आली. तीही शेजारी वाकली, आणि तेव्हा तिला तो दिसला. भाऊजींच्या डाव्या हाताच्या करंगळीला, बाहेरच्या बाजूने, ग्रीसमध्ये चिकटून बसला होता. त्याची धारेची कड कातडीत रुतली होती आणि आजूबाजूची जागा पांढरी पडली होती. त्याच हाताने टेबलाचा पाय धरून ते आणखी आत डोकावत होते.

"उठा, कंबर धरेल," ती म्हणाली आणि आधार दिल्यासारखा त्यांचा डावा हात हातात घेतला. उठवता उठवता अंगठ्याने तुकडा सोडवून मुठीत घेतला. "हा बघा. पायाशीच होता."

"तिथे मी बघितलं होतं."

"बघितलं असेल. दिसला नसेल."

त्यांनी फडक्याला हात पुसले. फडक्यावर लाल रेघ उमटली तेव्हा त्यांनी ती थोडा वेळ बघितली, आणि फडकं उलटं घडी करून खांद्यावर टाकलं.

भाऊजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्या वर्कशॉपमध्ये फक्त इंजिनांची डोकी दुरुस्त होत: सिलिंडर हेड, व्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह ज्यातून वरखाली होतो ते गाइड. बाकीच्या गाडीशी देणंघेणं नाही. तीन वर्षांपूर्वी पदार्थविज्ञानाची पदवी हातात घेऊन ती 'चार महिने मदत' करायला आली होती. पहिल्याच आठवड्यात तिने एक माप तीनदा घेऊन सरासरी काढली, आणि भाऊजींनी तिचं नाव मायक्रॉन ठेवलं. आता दारात येणारी गिऱ्हाइकंही "मायक्रॉनबाई आहेत का?" असंच विचारत.

टेबलावरचं इंजिन कॅप्टनच्या गाडीचं होतं. निवृत्त वैमानिक, चंदेरी रंगाची, जमिनीला टेकल्यासारखी बसकी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार, रविवारी डोंगराच्या रस्त्याने एक फेरी, बाकी सहा दिवस पुसणं. अकरा महिन्यांपूर्वी भाऊजींनी या इंजिनात बारा नवे कांस्याचे गाइड ठोकले होते आणि भोक तासणारा रीमर फिरवून मापाला आणले होते. पंधरा दिवसांपूर्वी कॅप्टनचा फोन आला.

"सिग्नलला उभा राहतो तोवर सगळं ठीक. हिरवा झाला आणि पाय दिला की मागे निळा ढग. मागचा स्कूटरवाला तर काल नमस्कार करून गेला."

"उतारावर?"

"उतारावर पाय काढला आणि पुन्हा दिला की तेच."

तिने सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेतलं. सहाही आकडे एकमेकांच्या जवळ. मग हवा भरून गळती मोजली. कुठेही पाच टक्क्यांच्या वर नाही. म्हणजे खाली पिस्टनच्या रिंगा शाबूत. तेल खालून चढत नव्हतं, वरून उतरत होतं. इंजिन नुसतं फिरत असताना आतली ओढ वाढते, आणि ती ओढ व्हॉल्व्हचा दांडा आणि गाइड यांच्या फटीतून तेल खाली खेचते. फट वाढली होती. एवढं हेड न उघडताच कळलं होतं.

फट का वाढली, हे भाऊजींनी हेड उघडण्याआधीच ठरवलं होतं.

"कांसं मऊ निघालं."

कांसं समोरच्या लेथवाल्याचं. तीस वर्षं तोच यांचे गाइड कातून देत होता. सकाळचा चहा दोघं एकाच पायरीवर बसून घेत. परवा भाऊजींनी त्याला पायरीवरच सांगितलं, आणि आज तो कातलेल्या कांबीचा उरलेला वीतभर तुकडा कागदात गुंडाळून घेऊन आला होता.

"हा त्याच कांबीचा," त्याने तुकडा तिच्यासमोर ठेवला. "बघ बाई, तुझ्या यंत्राबिंत्राला लावून. मला तर नेहमीसारखाच कापला. चरचरीत निघत होता कीस."

"बघते, काका."

"नाही, पण निघाला असेल मऊ. विकणारा बदलला होता मी." तो भाऊजींकडे वळला. "तू तरी तेव्हाच शिव्या घालायच्यास की. रीमर लावल्यावर कळलं नाही का तुझ्या हाताला?"

भाऊजी स्प्रिंगांवरून ब्रश फिरवत होते. तो फिरवतच राहिले.

"कळलं असतं तर बोललो नसतो?"

"तेही खरं." लेथवाल्याने टोपी काढून पुन्हा घातली. "जाऊ दे. मुलगा किती दिवस मागे लागलाय, बंद करा म्हणून. गाइडसारखं बारीक काम आता नकोच. लेथ बघायला एक जण येतो म्हणालाय रविवारी."

"लगेच लेथ कशाला विकतोस?" भाऊजी म्हणाले.

"मग काय, त्याच्यावर कपडे वाळत घालू?"

तो हसला आणि रस्ता ओलांडून गेला. भाऊजींनी धुतलेली स्प्रिंग पुन्हा रॉकेलमध्ये टाकली.

दुपारी तिने मापं घ्यायला सुरुवात केली. झिजलेल्या गाइडचा एक आकार असतो. दांडा वरच्या टोकाला कलंडतो, खालच्या टोकाला कलंडतो, मध्यावर नुसता डुलतो. म्हणून गाइड दोन्ही तोंडांशी कर्ण्यासारखा पसरतो आणि मध्यावर जवळजवळ पहिल्या मापाचा राहतो. शिवाय व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर ज्या बाजूला ढकलतो त्या बाजूला जास्त खातो, म्हणजे भोक लांबट होतं. तिने प्रत्येक गाइड वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजायचं ठरवलं. बारा गाइड, बहात्तर मापं. पेन्सिलीने, रेघा मारलेल्या कागदावर.

मोजायला बॉल गेज होतं: दांडीच्या टोकाला मधोमध चिरलेलं गोल डोकं. ते भोकात घालायचं, मागचा स्क्रू फिरवला की डोकं फुलतं, भोकाच्या भिंतींना जेमतेम घासू लागलं की थांबायचं, बाहेर काढून मायक्रोमीटरने डोकं मोजायचं. नव्या गाइडचं माप हवं नऊ मिलिमीटर.

पहिला गाइड, मध्यावर: ९.०६.

तिने पुन्हा घेतलं. ९.०६. दुसऱ्या दिशेनेही ९.०६. तोंडाशी ९.०७.

दुसरा गाइड, मध्यावर ९.०६. तिसरा ९.०५. पाचव्या गाइडपर्यंत तिला वाटत होतं की पुढचा तरी कर्णा निघेल. आठव्यानंतर तिने तसं वाटून घेणं सोडलं. बहात्तर चौकटी भरल्या तेव्हा बोटांच्या तेलाने कागद पारदर्शक झाला होता. सगळे गाइड गोल होते, वरपासून खालपर्यंत सरळ होते. झीज होती, पण अकरा महिन्यांची व्हावी तेवढीच, एका शतांशाची. उरलेले सहा शतांश, केसाच्या जाडीएवढे, पहिल्या दिवसापासून होते. नव्या सीलांनी ते अकरा महिने झाकून धरले, आणि डुलणाऱ्या दांड्याने सीलं खाल्ल्यावर धूर दिसला.

कांशाचा यात काही दोष नव्हता. ज्या हाताने रीमर फिरवला, त्याने भोकं मोठी केली होती. तीही चुकत चुकत नाही, बाराच्या बारा सारखी.

तिने कपाटातून कामांची वही काढली. अकरा महिन्यांपूर्वीचं पान. भाऊजींचं ठसठशीत अक्षर: 'बारा गाइड. नऊ पूर्ण. फट् वाजला.' दांड्याला तेल लावून, गाइडच्या खालच्या तोंडावर बोट दाबून व्हॉल्व्ह झटकन ओढला की आतली ओढ सुटते आणि फट् असा आवाज येतो, बोटाच्या पेराला चिमटा बसतो. तिला पहिल्या दिवशी त्यांनी हेच शिकवलं होतं. 'पुस्तक नंतर वाच. बोटाला विचार.'

ती पानं पुढे उलटत गेली. तेव्हापासून आजपर्यंत एकतीस हेडं. प्रत्येकापुढे माप, आणि मापापुढे 'पूर्ण'.

फोन वाजला. ताई.

"काय निघालं गं?"

"अजून बघतेय."

"तुझा आवाज सांगतोय काय निघालं ते." ताईने आवाज खाली आणला. "यांचं आहे ना?"

ती उठून दाराशी गेली. भाऊजी मागच्या मोरीत हेड धूत होते. पाण्याचा आवाज येत होता. त्यांच्या शर्टाला पुढे बटणांऐवजी टिचबटणं होती. गेल्या हिवाळ्यापासून सगळ्याच शर्टांना होती. तिने एकदा विचारलं तेव्हा 'तुझ्या ताईची नवी फॅशन' असं सांगून ते हसले होते.

"कधीपासून आहे, ताई?"

"टिचबटणं लावली त्याच्या आधी दोन महिने. आधी पेरं बधिर होती, मग बोटं. परवा उकळत्या चहाचं भांडं हाताने उतरवलं, आणि मी ओरडले तेव्हा माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टर म्हणाले, नस गेली ती गेली, उरलेली सांभाळा."

"मला सांगायचंस."

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, मायक्रॉनला कळलं तर ती माझा हातच मोजायला बसेल." ताईचा श्वास ऐकू आला. "ऐक. ते समोरचे आहेत ना, त्यांना मुलगा आहे, नातवंडं आहेत, बंद करून ते सुखाने बसतील. यांना काय आहे? घरात दिवसभर भिंत बघतील. तुझं सगळं कागदावर असतं ना? मग कागदावर काय लिहायचं ते तुझ्या हातात आहे."

उत्तराची वाट न बघता ताईने फोन ठेवला.

ती टेबलाशी येऊन बसली. भरलेला कागद तिने वहीखाली सरकवला, नवा कागद घेतला, पेन घेतलं आणि लिहू लागली. पहिला गाइड: ९.१०, ९.०२, ९.०९. दुसरा: ९.११, ९.०२, ९.१०. तोंडाशी पसरलेले, मध्यावर शाबूत, रॉकरच्या दिशेने लांबट. मऊ कांसं असं झिजेल, अगदी असंच. आकडे भराभर सुचत होते. बारा गाइड लिहायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

लिहून झालं तेव्हा भाऊजी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून व्हॉल्व्हचे दांडे मोजत होते. स्वतःच्या मायक्रोमीटरने. त्याच्या शेपटाला रॅचेट नव्हता. ठरावीक दाब आला की रॅचेट टिकटिक करत निसटतो, मग फिरवणारा कोणी का असेना, दाब तेवढाच राहतो. भाऊजींनी तो तरुणपणीच काढून टाकला होता. 'टिकटिक ऐकून मोजतो तो घड्याळजी.'

ती त्यांची बोटं बघत राहिली. त्यांनी दांडा जबड्यात धरला आणि फिरवलं. टेकलं. तिला टेकलेलं दिसलं. त्यांनी आणखी फिरवलं, नखं पांढरी होईपर्यंत, आणि मग मान हलवली, आता लागल्यासारखी.

"आठ पॉइंट नऊ सहा," ते म्हणाले.

सकाळी तोच दांडा तिने मोजला होता. ८.९७. पोलादाचा भरीव दांडा. कितीही दाबला तरी एखाद्या शतांशाचाच फरक पडणार. पण बॉल गेजचं डोकं चिरलेलं असतं. ते दबतं. दाबून मोजलं की भोक आहे त्यापेक्षा लहान वाटतं, आणि लहान वाटलं की माणूस रीमर आणखी एकदा फिरवतो.

तिने पेनाचं टोपण लावलं.

"झालं?" भाऊजींनी हात पुढे केला. "बघू."

तिने नवा कागद दिला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि ओळीने वाचत गेले.

"कर्णा आहे."

"हो."

"बाराही ठिकाणी. पुस्तकात असतो तसा." त्यांनी कागद उलटा करून पाठीमागे बघितलं, उजेडाकडे धरला, पुन्हा टेबलावर ठेवला. "मायक्रॉन, तू मापं शाईने कधीपासून लिहायला लागलीस?"

"उतरवून काढली."

"बहात्तर मापं घेतलीस आणि कागदावर ग्रीसचा एक डाग नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. "कशावरून उतरवलीस ते दे."

"भाऊजी, पाच वाजत आले. उद्या बघू."

"दे."

तिने वही उचलली. खालचा कागद त्यांनी स्वतः ओढून घेतला. कोपऱ्यावर तिच्या अंगठ्याचा तेलकट ठसा होता. त्यांनी तो बराच वेळ वाचला. पहिल्या ओळीवरून शेवटच्या ओळीवर गेले आणि पुन्हा पहिलीवर आले.

"मध्यावर पण?"

"मध्यावर पण."

"गोल?"

"गोल."

"कांसं?"

"कांसं चांगलं आहे."

त्यांनी चष्मा काढला. रस्त्यापलीकडे लेथवाला दारात उकिडवा बसून कसली तरी पाटी रंगवत होता.

"तेव्हा फट् वाजला होता?" तिने विचारलं.

"वाजला असणार."

"असणार म्हणजे?"

"आवाज आला होता. बोटाला..." त्यांनी उजव्या हाताची तर्जनी समोर धरली आणि अंगठ्याचं नख तिच्या पेरात रुतवलं. नख काढल्यावर खळगा तसाच राहिला. "तुझी ताई तुझ्याशी बोलली."

"हो."

"तो हिशेब एकदमच सांगून टाक. एवढंच इंजिन की आणखी?"

तिने वहीवर हात ठेवला. "त्यानंतर एकतीस."

भाऊजींनी मान हलवली. विचारलं नसतं तरी चाललं असतं, अशी. रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि टेबलावरचे व्हॉल्व्ह एकमेकांना लागून किणकिणले.

"पाटीवर काय लिहितोय तो?"

"इथून दिसत नाही."

"दिसतंय तुला." ते उठले, मोरीत जाऊन साबणाने हात धुतले, प्रत्येक बोट वेगळं पुसलं आणि परत येऊन बसले. "नऊची रिंग आण."

कपाटातल्या लाकडी डबीत, मखमलीवर, नऊ मिलिमीटरची पोलादी रिंग असायची. आतलं भोक नेमकं नऊ. बाकीची सगळी मापं खरी की खोटी ते तिच्यावरून ठरायचं. वर्षातून दोनदा तिला बाहेर काढत.

"राहू द्या, भाऊजी. रॅचेटवाला मायक्रोमीटर घेऊ आपण. मोजायचं काम मी करीन, रीमर तुम्ही..."

"आण. आणि गेज तू लाव. तुझ्या हाताने, तुला पटेल तसं."

तिने रिंग आणली. गेज आत घातलं, स्क्रू फिरवला. डोकं भिंतींना जेमतेम घासलं तिथे थांबली, पुन्हा एकदा सरकवून बघितलं आणि बाहेर काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते डाव्या हातात धरलं, करंगळी अलगद बाहेर ठेवून. उजव्या हाताने मायक्रोमीटर मिटत आणला. टेकला. ते फिरवत राहिले. मग थांबले, चष्मा लावला आणि खिडकीकडे वळून आकडा वाचला.

"लिही. पेन्सिलीने."

तिने लिहिलं.

"तीनदा घेतेस ना तू? पुन्हा लाव."

तिने पुन्हा लावलं. ते पुन्हा मोजू लागले, सावकाश, ओठ मिटून. समोरच्या दाराला पाटी टेकवून लेथवाला मागे सरला आणि अक्षरं सरळ आली का ते बघत उभा राहिला. भाऊजींनी आकडा सांगितला. तिने लिहिला आणि तिसऱ्यांदा गेज लावून दिलं.

रिंग: ९.००.
एक: ८.९४.
दोन: ८.९४.
तीन: ८.९४.